चेन ब्रेकरचं टोक परत परत मोडतंय? नवीन टूल घ्यायच्या आधी तुटलेला तुकडा नीट बघा

चेनच्या दोन कड्या कमी करायच्या, एवढंच तर काम असतं. ब्रेकर, म्हणजे चेनची पिन ढकलून काढायचं टूल, लावायचा, दांडी फिरवायची, पिन बाहेर. आणि होतं काय, तर चेन जशीच्या तशी आणि ब्रेकरचं टोक मोडून हातात. मग विकणाऱ्याला दोन शिव्या, बनवणाऱ्याला दोन, आणि दुसरं टूल आणायचं, ते चार कड्या टिकतं, पाचवीला परत तेच. गो-कार्ट, मिनी बाईक, मोपेड, सायकलला बसवलेलं छोटं इंजिन, असल्या गाड्यांशी खटपट करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं हे झालेलं असतं. माझी तीन टोकं मोडली. तिसरं मोडल्यावर चिडून फेकणार होतो, पण म्हटलं बघू तरी, टॉर्च लावून तुकडा बघितला आणि लक्षात आलं की तीनपैकी दोन वेळा टूलची काही चूकच नव्हती, माझी होती.

बोलताना गोंधळ नको म्हणून आधीच सांगतो, चेनच्या कड्या जोडणारी जी दांडी चेनमध्ये असते तिला मी पिन म्हणणार आणि ब्रेकरच्या स्क्रूच्या पुढे जी ढकलणारी बारीक दांडी असते तिला टोक म्हणणार.

तर तो तुकडा. टोकाचा चेहरा म्हणजे जिथे ते पिनेवर टेकतं तो भाग, तो साधारण साडेतीन मिमीचा गोल असतो. माझ्या तुकड्यावर त्या गोलाच्या एकाच कडेला चंद्रकोरीसारखी चमक होती, बाकी सगळा भाग तसाच काळा. म्हणजे अख्खं टोक पिनेवर बसलंच नव्हतं, अर्धं पिनेवर आणि अर्धं पट्टीवर, म्हणजे कडीच्या बाजूच्या चपट्या पत्र्यावर, होतं, आणि मी वरून जोर लावत होतो. पोलादाचं बारीक टोक सरळ दाबाला भरपूर टिकतं पण बाजूने रेटलं की टक्कन जातं. तुमच्याकडे चंद्रकोर दिसली तर नवीन टूल घेऊन काही फरक पडणार नाही, तेही मोडेल.

चंद्रकोर नसेल आणि टोकाचा चेहरा मशरूमसारखा पसरलेला असेल तर टोकाचं लोखंड मऊ आहे, ते टूल टाकून द्या किंवा निदान टोक तरी बदला. टोक केळ्यासारखं वाकलं असेल तर ते त्या चेनसाठी बारीक किंवा फार लांब आहे, नाहीतर ब्रेकरची बॉडीच जोर आल्यावर उघडतेय. आणि चेहरा छान सपाट, चमक सगळीकडे सारखी, तरीही मधूनच तुटलं असेल तर बहुतेक वेळा पिनेचं डोकं न घासता तुम्ही दाबायला सुरुवात केलीय. ही माझी दुसरी चूक.

डोकं घासायचं म्हणजे काय ते जरा नीट सांगतो, कारण सगळं इथेच अडतं. चेनची एक बाहेरची कडी म्हणजे दोन पट्ट्या आणि दोन पिना, आणि त्या पिना पट्ट्यांच्या भोकात नुसत्या अडकवलेल्या नसतात, भोकापेक्षा पिन केसभर जाड ठेवून दाबून बसवलेल्या असतात. आतल्या कडीत बुश, म्हणजे छोटी नळी, असतो, त्यात पिन सैल फिरते. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं, पण पिन बसवल्यावर कंपनीत तिची दोन्ही तोंडं ठोकून पसरवतात, म्हणजे रिव्हेट करतात. तुम्ही नुसता ब्रेकर लावून दाबता तेव्हा हे पसरलेलं डोकं त्याच्यापेक्षा लहान भोकातून ओढून न्यायला बघता. पोलाद पोलादातून. छोट्या चेनला हे कधीकधी जमतं, आणि जमतं म्हणूनच आपल्याला वाईट सवय लागते, मग जरा जाड चेन आली की टोक जातं.

म्हणून आधी ग्राइंडरने किंवा नुसत्या कानशीने डोकं पट्टीला समपातळीत येईपर्यंत घासायचं, आणि एकाच पट्टीवरच्या दोन्ही पिनांची डोकी घासायची, कारण कडी सुटायची तर दोन्ही पिना त्या पट्टीतून निघाल्या पाहिजेत. पट्टीला थोडी कानस लागली तरी हरकत नाही, ती पट्टी फेकायचीच आहे, पण शेजारच्या कड्यांना लावू नका. नीट घासलं की पिनेच्या भोवती एक बारीक गोल रेष दिसायला लागते, ती पूर्ण गोल दिसली की झालं. घासून गुळगुळीत झालेल्या पिनेवर टोक घसरतं, त्यामुळे मधोमध सेंटर पंचने एक हलका ठोका मारून खड्डा करून घ्या, खाली काहीतरी ठोस ठेवून. मला हा खड्डा करायची अक्कल फार उशिरा आली. चंद्रकोर थांबली ती यानेच.

ग्राइंडर वापरणार असाल तर पेट्रोलची टाकी आणि पाइप ठिणग्यांपासून लांब ठेवा, शक्य असेल तर चेन गाडीवरून काढूनच करा. ओ-रिंगची, म्हणजे पट्ट्यांच्या मध्ये रिंगा असलेली, चेन असेल तर थांबत थांबत घासा, शेजारच्या रिंगा रबराच्या असतात. आणि डोळ्यांवर गॉगल पाहिजेच, ग्राइंडरसाठी तर आहेच पण टोक तुटतं तेव्हा तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो, कडक केलेलं पोलाद काचेसारखं उडतं.

आता चेनचा नंबर. ही चूक मी नाही केली पण आजूबाजूला फार बघितलीय. पट्टीवर नंबर कोरलेला असतो, चिखल पुसून बघा. ४२०, ४२८, ५२० असले जे तीन आकडी नंबर असतात त्यात पहिला आकडा म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर, इंचाच्या आठव्या भागात मोजलेलं. ४ म्हणजे अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, ५ म्हणजे ५/८ इंच म्हणजे १५.८७५ मिमी. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीचे. ४२० ची आतली रुंदी ६.३५ मिमी, ४२८ ची ७.९४. गो-कार्ट आणि मिनी बाईकवर येणाऱ्या ३५, ४०, ४१ या दोन आकडी चेन वेगळ्या घराण्यातल्या, पण पहिला आकडा तिथेही तेच सांगतो, ३५ म्हणजे ३/८ इंच, ९.५२५ मिमी. ३५ ला बुशवर वेगळा फिरणारा रोलर नसतो, नुसता बुश असतो, आतली रुंदी ४.७६ मिमी. रेसिंग कार्टच्या २१९ चेनचं अंतर ७.७७४ मिमी असतं, ती कशातच बसत नाही, तिच्यासाठी तिचाच ब्रेकर घ्या आणि विषय संपवा.

हे आकडे कशाला, तर बाजारात मिळणाऱ्या छोट्या ब्रेकरवर '२५ ते ६०' किंवा '३५ ते ५०' असं छापलेलं असतं आणि आपण समजतो की मधलं सगळं चालेल. चालतं, पण एकच टोक सगळ्यांना सारखं कसं चालणार. २५ नंबरच्या चेनची पिन २.३ मिमीची, ३५ ची ३.६ च्या आसपास, ४२० ची ४ ला थोडी कमी, ४२८ ची साडेचार, ५२० ची ५ च्या थोडी वर. टोक पिनेपेक्षा किंचित बारीक पाहिजे म्हणजे पिनेमागोमाग भोकात शिरेल, पण उगाच फार बारीकही नको. ३ मिमीच्या जागी साडेतीनचं टोक घेतलं तर वाकायच्या बाबतीत ते साधारण १.८५ पट ताठ असतं, अर्ध्या मिमीचा फरक आहे नुसता. त्यामुळे २५ च्या चेनसाठी दिलेलं बारीक टोक लावून ४२८ तोडायला बसलात तर निकाल ठरलेला आहे.

लांबीचंही तसंच. सडपातळ दांडीची लांबी दुप्पट केली की तिला वाकवायला लागणारा जोर चौथाईवर येतो. सगळ्यात जास्त जोर लागतो तो पिन पहिल्यांदा हलवताना, त्यानंतर ती बरीच सोपी सरकते. म्हणून चांगल्या टूलबरोबर दोन टोकं येतात, एक आखूड जाडजूड, पिन हलवायला, आणि एक लांब, पुढे ढकलून बाहेर काढायला. दोन टोकं दिसली की लोकांना वाटतं एक जादाचं दिलंय आणि थेट लांबवालं लावतात, कारण त्याने एका दमात काम होईल. तसं करू नका.

मग टूल कुठलं. तीन प्रकार डोळ्यासमोर ठेवा. पहिला कात्रीसारखा, दोन जबडे चेनच्या आत रोलरला किंवा बुशला दोन्ही बाजूंनी धरतात आणि वरून स्क्रू पिनेला दाबतो. ३५, ४०, ४१, ४२० साठी माझं मत याच्याच बाजूने आहे, कारण यात टोकाला अख्खी पिन पार करावी लागत नाही, जवळची पट्टी जबड्यांवर टेकलेली असते आणि पिन फक्त त्या पट्टीच्या जाडीएवढी, म्हणजे दीड मिमीच्या आसपास सरकली की सुटते. मग दुसऱ्या पिनेला तेवढंच. दोन्ही आलटून पालटून थोड्या थोड्या दाबायच्या, एक पूर्ण काढून मग दुसरी असं केलं की पट्टी तिरकी होते आणि दुसरी पिन अडकते. शेवटी पलीकडची पट्टी तिच्या दोन पिनांसकट एक तुकडा म्हणून बाहेर येते. यात घेताना बघायचं ते जबड्याची जाडी, तुमच्या चेनच्या आतल्या रुंदीत तो जायला पाहिजे. ३५ साठी ४.७६ मिमीपेक्षा पातळ जबडा हवा, आणि पातळ असूनही तो पोलादी हवा, ओतीव लोखंडाचा पातळ जबडा तुटतो.

दुसरा यू आकाराच्या बॉडीचा, मोटरसायकलवाला. एका बाजूने स्क्रू, दुसऱ्या बाजूला भोक असलेली ऐरण, पिन त्या भोकात ढकलायची. ४२८ पासून पुढे हाच. बहुतेकांबरोबर पट्टी दाबून बसवायचं आणि पिनेचं तोंड पसरवायचं सामानही येतं, रिव्हेटवाली मास्टर लिंक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी सुटी कडी, वापरणाऱ्यांना ते लागतंच. पण याच्यात ३५ सारखी किडमिडी चेन घातली की ती आत डुलते, धरायलाच काही नसतं, आणि मग तीच चंद्रकोर.

तिसरा सायकलचा. अर्ध्या इंचाचं अंतर सायकलच्या चेनलाही असतं आणि ४२० लाही, म्हणून लोक फसतात. सायकलच्या पट्ट्या पातळ, चेन अरुंद, टूल त्या हिशोबाने केलेलं. ४२० त्यात एकतर बसत नाही आणि कोंबून बसवली तर टूलची आतली दाती तरी जाते नाहीतर टोक.

टूल हातात घेऊन बघायची संधी मिळाली तर दोन मिनिटं घालवाच. स्क्रू पुढे फिरवत न्या आणि टोक ऐरणीच्या भोकात शिरताना सगळीकडून सारखी फट दिसतेय का बघा, एका बाजूला चिकटून जात असेल तर परत ठेवा. स्क्रू अर्धा बाहेर असताना दांडी धरून हलवा, आट्यांमध्ये खडखडाट जास्त असेल तर दाबताना टोक तिरकं होणारच. टोक स्क्रूपासून सुटं आहे का बघा, म्हणजे स्क्रू फिरला तरी टोक फिरत नाही, नुसतं पुढे जातं, अशाने ते पिनेवर घासत नाही. आणि शेवटचं, जे मी आता सगळ्यात आधी विचारतो, सुटं टोक वेगळं विकत मिळतं का. टोक हा झिजणारा माल आहे, चांगल्यातलं चांगलंही कधीतरी जाणार, ते बदलता येत नसेल तर एका बारीक दांडीपायी अख्खं टूल भंगारात. चकचकीत प्लेटिंग, रबरी मूठ, प्लास्टिकची पेटी यांनी भुलू नका, माझं पहिलं टूल फार देखणं होतं.

दांडीबद्दल एक बोलायचं राहिलं. टूलची टी दांडी मुद्दाम छोटी ठेवलेली असते, हाताने जेवढा जोर लागेल तेवढाच टोकाला झेपतो. स्क्रू फिरेना म्हणून त्यावर पाइप चढवला की पुढचं मी सांगायला नको. फिरत नसेल तर थांबा, मागे घ्या, डोकं पूर्ण घासलंय का, टोक मधोमध आहे का, आट्यांना ग्रीस आहे का. कोरड्या आट्यांमध्ये तुमचा निम्म्याहून जास्त जोर स्क्रूला फिरवण्यातच जातो आणि तुम्हाला वाटतं पिन कडक आहे. मी ग्रीस लावून बघितल्यावर तीच दांडी दोन बोटांनी फिरायला लागली, अगदी लाज वाटली.

आता टोक आत मोडून अडकलंय अशी वेळ आली असेल तर घाबरायचं कारण नाही. चेन उलटी करा, पिनेचं दुसरं डोकं ज्या बाजूला आहे तिकडून, आधी ते घासून, पंचने उलट ठोका, म्हणजे तुकडा आला त्याच वाटेने बाहेर पडतो. खाली एक जाड नट ठेवा म्हणजे तुकड्याला पडायला भोक मिळतं. ड्रिल घेऊन बसू नका, कडक टोकावर साधं ड्रिल नुसतं नाचतं.

आणि खरं सांगायचं तर तुम्हाला वर्षातून एकदाच एखादी चेन छोटी करायची असेल तर ब्रेकर नाही घेतला तरी चालेल. डोकी घासा, नट खाली, पंच वर, हातोडीचे चार ठोके. मी सुरुवातीला हेच करायचो आणि टोक मोडण्याचा प्रश्नच नव्हता. पण चेन गाडीवर असताना ठोकाठोकी करायला जागा नसते आणि ठोके बेअरिंगपर्यंत जातात, तिथे ब्रेकरला पर्याय नाही.

जोडताना काढलेली पिन परत दाबून बसवायचा मोह होतो, विशेषतः मास्टर लिंक जवळ नसते तेव्हा. एकदा काढलेल्या पिनेची पकड गेलेली असते, वरून डोकंही घासलेलं, ती चालत्या गाडीत बाजूला सरकते आणि चेन सुटून चाकात नाहीतर इंजिनच्या केसिंगवर जाते. त्याच नंबरची मास्टर लिंक लावा. क्लिपवाली असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला, उघडं तोंड मागे, म्हणजे कशाला घासली तरी निघून येणार नाही. ओ-रिंगवाली असेल तर पट्टी दाबताना शेजारच्या कडीची रुंदी व्हर्नियरने मोजून तेवढीच दाबा, जास्त दाबली की रिंग चिरडते आणि ती कडी कडक होऊन राहते. आणि कड्या मोजताना लक्षात ठेवा, मास्टर लिंकसाठी चेनची दोन्ही टोकं आतल्या कड्यांची लागतात, म्हणून कड्या दोन-दोनच्या जोडीनेच कमी होतात, एकच कमी करायची असेल तर हाफ लिंक, म्हणजे एका बाजूला आतली आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची अशी कडी, लागते, पण छोट्या गाडीत ती वापरण्यापेक्षा इंजिन माउंट थोडा सरकवून बघा, हाफ लिंक चेनमधली सगळ्यात कच्ची जागा असते.

काम करताना इंजिन बंद आणि प्लगची कॅप काढलेली, एवढं करूनच चेनजवळ बोटं न्या.

माझं म्हणाल तर ज्या टूलला मी सगळ्यात जास्त शिव्या घातल्या त्याच कात्रीवाल्या बॉडीत मी नवीन आखूड टोक बसवलं, आणि ३५ आणि ४२० दोन्हीवर तेच वापरतोय. सुटं टोक एक जादा आणून ठेवलंय, ते अजून पाकिटातच आहे. तुटलेलं तिसरं टोक कानशीने सरळ करून घेतलं, आता मास्टर लिंकच्या पिना भोकात सरळ धरायला वापरतो.